काकूंच्या पेटीतली राणी

"आज तिची पेटी मिसळून टाकतीन, पाहाय तू. मंग ते जागा माह्या जावेले भेटन."

करंजाच्या झाडामागे दोघीजणी तोंडाला ओढण्या बांधत बोलत होत्या. मी अलीकडच्या बाजूला उकिडवी बसून मधपेट्यांच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी भरत होते. मुंग्या वर चढू नयेत म्हणून प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत ठेवलेला असतो. मी तिथे आहे हे त्यांना ठाऊक असतं तरी त्या थांबल्या नसत्या. ही पोरगी ऐकलेलं कुठे बोलणार नाही, असा गावाचा माझ्याबद्दल पक्का अंदाज होता, आणि तो चुकीचा नव्हता.

"अन् तिनं काय करावं मंग?" दुसरीने विचारलं.

"काय करन? जाईन नवऱ्यामागं ऊसतोडीले. दर सालीच जात होती ना. यंदा माशा पाळून राह्यली त लय मोठी झाली का?"

'ती' म्हणजे काकू. माझ्या नात्यातल्या नव्हेत. माझी आत्या त्यांना काकू म्हणते म्हणून मीही म्हणायचे. दिवाळी झाली की त्या आणि त्यांचा नवरा ट्रकमध्ये बसून ऊसतोडीला जायचे आणि उन्हाळ्यात परत यायचे. यंदा नवरा एकटा गेला होता. काकू मागे राहिल्या, त्या इथल्या एका पेटीच्या जोरावर.

मानोऱ्याहून जीपने थोडं आत गेलं की आत्याचं गाव लागतं. गावाबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी, नाल्याच्या कडेला या पेट्या मांडलेल्या आहेत. जागा पंचायतीची, पेट्या गावातल्या बायकांच्या गटाच्या. एका घराला एक पेटी, आणि राखणीला सगळ्यांची बारी. पेटी रिकामी झाली तर ती जागा वाट पाहणाऱ्या पुढच्या घराला द्यायची, हा गटाचा नियम. त्यात कुणाचा राग नाही आणि कुणाची दयाही नाही. जागा कमी, घरं जास्त. काकूंनी मात्र एक काम जास्तीचं शिकून घेतलं होतं, राण्या तयार करायचं. पेटी टिकली तर यंदापासून सगळ्या पेट्यांच्या राण्या त्यांनीच करायच्या आणि त्यांनी कायम गावात राहायचं, असं ठरलं होतं. पण आता जिची स्वतःची पेटीच बिनराणीची दिसत होती, तिच्यावर कोण भरवसा ठेवणार?

मी तिथे आले ती आत्याच्या पायामुळे. ती अंगणवाडीत आहे. गाडीवरून पडून पाय प्लास्टरमध्ये गेला, आणि माझी कॉलेजची परीक्षा होऊन निकाल लागायचा होता, म्हणून वाशिमहून मला पाठवलं. आत्याची बारी आपोआप माझ्याकडे आली. मला पेट्यांबद्दल जे माहीत होतं ते सगळं शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं, इंग्रजीतलं. एका पानावर तीन माशांची चित्रं होती, खाली तीन नावं, आणि त्यावर एक प्रश्न परीक्षेत हमखास यायचा. इथे आल्यावर पहिले काही दिवस मी काहीच विचारलं नाही. काय विचारायचं ते मनात इंग्रजीत तयार व्हायचं, त्याचं मराठी करेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असायचं. मग मी वाट्या भरायचे. पेटीपुढे बसलं की कुणी माझ्याकडे बघत नाही, सगळे माशांकडे बघतात, हे मला फार आवडायचं.

काकूंनी राण्या करायला घेतल्या तेव्हा मी पहिल्यांदा जवळ जाऊन बसले.

आमच्या माशा सातेरी. इथल्याच, कपारीत आणि झाडाच्या ढोलीत राहणाऱ्या. ज्या मोहोळाच्या राण्या वाढवायच्या ते एका पडक्या विहिरीतून आणलेलं होतं. मे महिन्यात बाकीच्या पेट्यांतल्या माशा उन्हाला कंटाळून उडून गेल्या, हे मोहोळ मात्र जागचं हललं नव्हतं. काकूंनी त्यातली पोळ्याची एक चौकट उचलून गुडघ्यांवर उन्हात तिरकी धरली. मेणाच्या खोल्यांच्या तळाशी दुधासारख्या खाद्याचा एकेक थेंब होता, आणि थेंबात पांढरी अळी. नखाच्या कोरेएवढीसुद्धा नाही, त्याहून कितीतरी लहान, चंद्रकोरीसारखी वाकलेली.

"दिसली का?" काकूंनी विचारलं.

मी मान हलवली.

"मुंडी नोको हालवू, तोंडानं सांग. मले वर पाहता येत नाई आता."

"दिसली," मी म्हणाले.

त्यांच्या हातात मोराच्या पिसाचा देठ होता. दगडावर घासून घासून त्याचं टोक त्यांनी कागदाहून पातळ केलेलं. ते टोक त्यांनी अळीखाली सरकवलं, दुधासकट तिला उचललं आणि मेणाच्या छोट्या वाटीत सोडलं. या वाट्या त्यांनी कडुलिंबाच्या गुळगुळीत काडीवर घडवल्या होत्या, बोटावर मावतील एवढ्या. एका पट्टीवर उलट्या चिकटवलेल्या अशा वाट्या मग दुसऱ्या पेटीत, राणी काढून घेतलेल्या माशांच्या स्वाधीन करायच्या. त्या पुढचं सगळं करतात.

"हे साधी माशी होनार होती," वाटीतल्या अळीकडे बोट दाखवून काकू म्हणाल्या. "आता राणी होईन. अंडं तेच, माय तेच. फक्त खायले येगळं भेटते अन् घर मोठं भेटते."

हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्यावर मला पूर्ण गुण मिळाले होते. तरी ते खरं आहे, असं मला तोवर वाटलंच नव्हतं. समोरच्या दोन खोल्यांत दोन सारख्या अळ्या होत्या. एक उचलली गेली, एक राहिली. राहिलेली काही आठवडे फुलं वेचून मरेल, उचललेली काही वर्षं जगेल आणि एका अख्ख्या गावाची आई होईल. मी बराच वेळ त्या राहिलेल्या अळीकडे पाहत बसले. मग काकूंनी चौकट परत पेटीत ठेवली.

माशांनी मेणाच्या त्या वाट्या लांबवल्या. भुईमुगाच्या शेंगांसारखी राणीघरं खाली लोंबू लागली. पिकल्यावर काकूंनी एकेक घर कापून ज्या पेट्यांना राणी हवी होती त्यांना दिलं. त्यात एक त्यांच्या स्वतःच्या पेटीला. त्यांची जुनी राणी पावसाळ्यातच थकली होती.

आणि एका संध्याकाळी त्यांनी मला हाताला धरून त्या पेटीपाशी नेलं. "कान लाव," म्हणाल्या.

मी लाकडाला कान लावला. आधी नेहमीचा घोंघाट ऐकू आला, दूरच्या बाजारासारखा. मग तो एकाएकी थांबला. हजारो माशा एकदम गप्प झाल्या, आणि त्या शांततेत कुणीतरी पिपाणी वाजवली. एक लांब सूर, मागोमाग तुटक तुटक आखूड सूर. थोड्या वेळाने पेटीच्या दुसऱ्या कोपऱ्यातून उत्तर आलं, खालच्या, दबक्या आवाजात, मडक्यातून बोलल्यासारखं.

"पयली बाहेर निंगाली," काकू हळू म्हणाल्या. "ते इचारून राह्यली, कोन हाय वं तिथं? अन् दुसरी अजून घरात कोंडली हाय. माशायनं सोताचं येक घर बांधलं होतं ना, त्याच्यातली. ते म्हनते, मी हाय."

"मग?"

"मंग काय. पयली जाईन अन् तिले आतमंदीच मारन."

"बहीणच ना ती तिची?"

काकू हसल्या. "तुले भाऊबहीण किती?"

"एकटीच मी."

"म्हनून इचारते," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी पुन्हा पेटीच्या दोन बाजूंना कान लावून उभ्या राहिलो. माझा आणि त्यांचा चेहरा एका वितीवर होता, मध्ये लाकडाची पेटी आणि त्या पेटीच्या आत दोन राण्या. मला माणसांच्या इतकं जवळ उभं राहायला आवडत नाही. त्या दिवशी ते माझ्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी कान लावला तर एकच आवाज होता. त्याच्या पुढच्या दिवशी एकही नाही.

आता राणीने एकदा उडून जायचं होतं. ती जन्मात एकदाच, फार तर दोनतीनदा बाहेर पडते. उन्हाच्या दुपारी, उंच हवेत, जिथे आसपासच्या पेट्यांतले नर जमलेले असतात. तिथे लग्न लागतं, आणि परत आली की ती अंडी घालू लागते. "येते तवा तिच्या मागं पांढरा धागा लागून असते म्हनतात," काकूंनी सांगितलं होतं. "नराचा तुटून राह्यलेला. म्या काई पाह्यला नाई. जिजीनंही नाई पाह्यला."

जिजी म्हणजे गटाच्या प्रमुख. त्यांनी सगळ्यांना हे काम शिकवलं.

पण ऊनच पडेना. तुरी पिवळ्या फुलल्या आणि वर आभाळ बसलं. गार वारा सुटला, माशा दारातच घुटमळायच्या. बाकीच्या पेट्यांतल्या राण्या आधी बाहेर पडून आल्या होत्या, त्यांची अंडी दिसली. काकूंच्या पेटीत अंडी नाहीत. तारेवर वेडे राघू रांगेने बसायचे आणि उडती माशी अलगद टिपायचे. एखाद्या फटीतल्या उन्हात राणी बाहेर पडली असेल आणि राघूने उचलली असेल, असं हळूहळू सगळे म्हणू लागले. काकू राघूंना दगड मारायच्या.

मार्गशीर्षातल्या त्या गुरुवारी जिजींनी शेवटची तपासणी ठरवली होती. आज राणी किंवा अंडी दिसली नाहीत, तर संध्याकाळी माशा परतल्यावर पेटी शेजारच्या पेटीत मिसळायची. राणी नसलेलं मोहोळ तसंच सोडलं तर संपतं, मिसळलं तर निदान माशा वाचतात. नियम बरोबरच होता. करंजामागचं ते बोलणं मी ऐकलं ते या तपासणीच्या आधी.

सगळ्या जमल्या. मधपेटी उघडायची तर अंगाला पावडर नको, केसांना वासाचं तेल नको, गजरा नको, हे जिजींनी सगळ्यांच्या अंगवळणी पाडलं होतं. त्या दिवशी कुणीच तसलं काही लावलं नव्हतं. पण मार्गशीर्षातला गुरुवार, घरोघर उपवास, आणि येताना वाटेत सगळ्यांनी केळी खाल्ली होती. आमच्या घरी तो उपवास नसतो. मी आत्यासोबत भाकरी खाऊन आले होते.

जिजींनी झाकण काढलं आणि माशा उसळल्या.

"बाप्पा बाप्पा! काय झालं वं इले?"

"तोंड झाक! तोंड झाक पयले!"

"अवं माय व, माह्या कानात गेली!"

काकूंच्या हातावर माशांचा झुबका बसला. त्यांनी हात मागे घेतला नाही, चौकट तशीच धरून त्या एकेक बाजू पाहत राहिल्या, ओठ आवळून. जिजी धूर मारत होत्या, तरी माशा शांत होईनात. दोनच चौकटी पाहून झाकण घालावं लागलं. मी काकूंच्या खांद्याला लागून उभी होते. मला एकही माशी चावली नाही.

"हिले काहून नाई चावली?" एकजण सुजलेला गाल चोळत म्हणाली.

"हे बोलतच नाई त माशाले तरी कसं समजन का हे मानूस हाय म्हनून!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. केळ्याचा वास माशांना त्यांच्याच धोक्याच्या इशाऱ्यासारखा वाटतो, आणि तो आला की त्या लढायला उठतात, हे मला फार नंतर एकीकडून कळलं. त्या दुपारी ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. सगळ्यांना एकच अर्थ दिसला. जिजी म्हणाल्या, "बिनराणीच्या माशा अशाच पिसाळतात. अंडं नाई, राणी नाई, अन् वरून हा राग. झालं समजा." मग काकूंच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "दिवस बुडताना मिसळू. तू पाह्यजे त नोको येऊ."

"येईन मी," काकू म्हणाल्या. "माही पेटी हाय."

हाताला चुना लावत त्या घरी गेल्या. नवऱ्याला फोन करायचा आहे म्हणाल्या. बाकीच्या पांगल्या. बारी माझी होती, म्हणून मी एकटी राहिले.

दुपारी आभाळ उघडलं. आधी टेकडीवर एक उजेडाचा पट्टा आला, मग तो खाली उतरला, तुरीच्या पिकावरून सरकत नाला ओलांडून पेट्यांवर आला. किती दिवसांनी ऊन पाठीला लागलं. सगळ्या पेट्यांची दारं एकदम जागी झाली. नर बाहेर पडू लागले, जाडे, काळे, जड आवाजाचे. ते गुंजन कानाशी वाढत वाढत वर गेलं आणि दिसेनासं झालं.

मी काकूंच्या पेटीसमोर बसले होते. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. माशा आता शांत होत्या. मग दारात थोडी गर्दी झाली, आणि त्या गर्दीतून एक लांब, काळसर, तांबूस झाक असलेली माशी बाहेर आली. तिचे पंख तिच्या अंगाला अपुरे होते. ती फळीच्या कडेला आली, पेटीकडे तोंड करून उडाली, आणि आपलं घर ओळखून ठेवावं तशी पेटीसमोर झुलत राहिली, छोट्या फेऱ्या घेत. मग मोठ्या फेऱ्या घेत. मग राणी दिसेनाशी झाली.

मी उठले नाही. तारेवर दोन राघू होते. मी पाण्याचा तांब्या उचलून विजेच्या खांबावर फेकला. तो खणखणत घरंगळला, राघू उडाले. मी वर पाहत राहिले. वर फक्त निळं होतं. त्यात कुठेतरी, माझ्या नजरेच्या बाहेर, जन्मात एकदाच होणारं काहीतरी चालू होतं, आणि खाली दारात माशा शेपट्या वर करून पंख हलवत उभ्या होत्या. आपला वास हवेत सोडून त्या तिला वाट दाखवत होत्या. एकही माशी फुलांकडे जात नव्हती. सगळं गाव दारात येऊन थांबलं होतं, आणि त्या गावाबाहेरचं एकच माणूस तिथे होतं, मी.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग ती फळीवर उतरली, जराशी जड, थोडी घसरत. तिच्या मागच्या टोकाला एक पांढरा धागा होता. दोऱ्याचा तुटका तुकडा असावा तसा, ओला, उन्हात चमकणारा. माशा तिच्याभोवती गोळा झाल्या, त्यांनी तिला मिशांनी चाचपलं, आणि ती आत गेली.

मला हसू येत होतं आणि रडूही. मी कुणाला तरी हाक मारायला तोंड उघडलं, पण माळावर कुणी नव्हतं. मग मी तिथेच बसून राहिले. आत्याला फोन करावा असं वाटलं, पण ते फोनवर सांगायचं नव्हतं. इतकं मोठं काही मी याआधी कधी एकटीने पाहिलेलं नव्हतं.

दिवस कलला तशी मला भीती वाटू लागली. आता सांगावं लागणार होतं. त्या सगळ्यांसमोर, ज्यांनी आपल्या जन्मात तो धागा कधी पाहिला नव्हता, जिजींनीसुद्धा नाही. आत्याच्या पायामुळे आलेल्या शहरातल्या पोरीने सांगायचं, की मी पाहिला. मी मनात वाक्य जुळवू लागले. ते इंग्रजीत झालं. मराठीत केलं, तर ते पुस्तकातलं वाटलं. इथल्या बोलीत करून पाहिलं, तर ते कुणाची नक्कल केल्यासारखं वाटलं.

त्या आल्या. जिजींनी शेजारची पेटी उघडून वर जुना पेपर पसरला, त्याला सुईने भोकं पाडली. वर काकूंची पेटी ठेवली की दोन्हीकडच्या माशा कागद कुरतडत हळूहळू एकमेकींच्या वासाला सरावतात, म्हणून ही रीत. पण त्या पेटीत राणी होती, आणि या पेटीत आता दुसरी. कागद फाटला की दोघींपैकी एकच उरणार, हे आता मला त्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. दुपारची ती राणी थकलेली असणार. तिला तर अजून एकही अंडं घालता आलं नव्हतं.

सकाळी करंजामागे बोलणारी ती बाई जावेला घेऊन आली होती. जाऊ बिचारी मागे, अंग चोरून उभी होती, माझ्यासारखीच. काकू आल्या, हात कोपरापर्यंत सुजलेला.

"काय म्हने नवरा?" जिजींनी विचारलं.

"मुकादमाची गाडी परवा मानोऱ्यावरून जानार हाय. बसून ये म्हने." त्या पेटीकडे पाहत होत्या. "काढा झाकण. अंधार पडन नाई त."

जिजींनी दोन्ही हात झाकणाला लावले. मी पुढे झाले आणि पेटीवर हात ठेवला, त्यांच्या हातांच्या मध्ये. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना.

"काय झालं वं?" जिजी म्हणाल्या. "चावली का?"

"नका उघडू," मी म्हणाले. "राणी आहे आत. दुपारी ऊन पडलं तेव्हा ती बाहेर गेली, मी इथेच बसले होते. परत आली तेव्हा तिच्या मागे पांढरा धागा होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला, जिजी. काकूंना कुठेही पाठवू नका."